डिपॉझिट तुमचंही दहा हजार, आमचंही दहा हजार

प्रति,
मा. मंत्री,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: हॉटेलच्या काउंटरवर ऐनवेळी मागितलेली अनामत रक्कम परत न मिळण्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

आपण कामात असाल याची कल्पना आहे. मीही असते. इचलकरंजीतल्या एका पतसंस्थेत एकवीस वर्षं कॅशियरच्या खिडकीत बसते. काल सव्वाचारच्या सुमाराला दिवसाची कॅश जुळवत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मी केलेली तक्रार ‘निकाली काढण्यात आली आहे’, असा संदेश. कारण काय, तर बुकिंगच्या वेबसाइटच्या कंपनीनं उत्तर दिलं: अनामत रक्कम हा पाहुणा आणि हॉटेल यांच्यातला विषय आहे. झालं. तक्रार निकालात, आणि माझे 8,200 रुपयेही निकालात. काल माझी कॅश दोनदा मोजावी लागली, एकवीस वर्षांत असं फार वेळा झालेलं नाही.

हेल्पलाइन केंद्राची आहे, राज्याची नाही, हे उत्तर आपल्या कार्यालयात तयार असेल. ते कृपया देऊ नका. आधी झालं काय ते ऐका.

माझ्या सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. लग्न झालं तेव्हा मामंजींनी सासूबाईंना महाबळेश्वरला नेतो म्हणून कबूल केलं होतं. मग कापडाचे माग आले, मागांचे हप्ते आले, पोरं आली, आणि महाबळेश्वर राहिलं ते राहिलंच. म्हणून मी आणि मिस्टरांनी नोव्हेंबरातच एका बुकिंगच्या वेबसाइटवरून दोन खोल्या घेतल्या, 24 डिसेंबरपासून दोन रात्री. ‘फक्त 1 खोली शिल्लक, 27 जण आत्ता हेच हॉटेल बघत आहेत’ असं लाल अक्षरांत आलं, म्हणून घाईनं पैसे भरले. गंमत म्हणजे एकच शिल्लक असताना मला दोन मिळाल्या. भाडं 17,600, जीएसटी 880, आणि 340 रुपये कन्व्हिनियन्स फी. सोय कुणाची झाली ते पुढे येईलच. एकूण 18,820. पूर्ण भरले, ‘तुमचं बुकिंग पक्कं’ असा मेल आला, त्यात फटाके उडत होते.

वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं आणि पसरणीच्या घाटात दोन तास अडकून तीन वाजता हॉटेलात पोचलो. काउंटरवरच्या मुलानं आधारकार्डं घेतली, झेरॉक्स काढल्या, आणि अगदी पाण्याचा ग्लास पुढे करावा तशा सहजपणे म्हणाला, ‘मॅडम, सिक्युरिटी डिपॉझिट. एका रूमला पाच, दोनचे दहा हजार. कॅश.’

मी म्हटलं, यूपीआय करते. तो म्हणाला, यूपीआयवर रिफंडचा घोळ होतो, कॅशच लागेल. मी म्हटलं, बुकिंगमध्ये हे कुठे लिहिलंय? त्यानं माझाच मोबाइल घेतला, बोटानं खाली, खाली, अजून खाली सरकवत नेला, ‘प्रॉपर्टीचे नियम’ यावर टिचकी मारली, त्यातलं ‘आणखी वाचा’ उघडलं आणि दाखवलं: ‘चेक-इनच्या वेळी डिपॉझिट आकारले जाऊ शकते.’ आकारले जाऊ शकते! किती, कशाबद्दल, परत कधी, काही नाही. पाऊस पडू शकतो, त्यातलाच प्रकार.

पर्समध्ये चार हजार होते. मामंजी माकडटोपी घालून सोफ्यावर बसले होते, वय 76. सासूबाईंना घाट लागला होता, त्या डोळे मिटून होत्या. मिस्टर बाजारपेठेत एटीएम शोधायला गेले. पहिलं बंद, दुसऱ्याला रांग. पाऊण तास आम्ही त्या सोफ्यावर, पैसे भरलेल्या खोलीची चावी समोर टांगलेली बघत. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून मी चाव्यांच्या फळीवरचे खिळे मोजले, खोलीमागे एक. बेचाळीस. टीपॉयवर त्या दिवशीचं वर्तमानपत्र होतं. 24 डिसेंबर म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिन, 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याला ज्या दिवशी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली तो दिवस. आत ‘जागो ग्राहक जागो’ची जाहिरात. मी जागीच होते, साहेब. झोप येण्यासारखी परिस्थितीच नव्हती.

दहा हजार मोजून दिले आणि पावती मागितली. त्यानं लाँड्रीच्या चिठ्ठ्यांचं पॅड ओढलं, एक चिठ्ठी फाडून उलटी केली आणि बॉलपेननं ‘10000/-’ लिहून दिलं. नाव नाही, तारीख नाही, शिक्का नाही. आमच्या पतसंस्थेत रसवंतीवाल्याची पिग्मी, म्हणजे रोजची बचत, वीस रुपयांची आली तरी पावती फाटते आणि रोजकीर्दीत नोंद होते. आमच्या क्षेत्राला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, लोकांचे पैसे बुडवणारे आमच्यातही निघाले, नाकारत नाही. पण बुडवणाऱ्यांनीसुद्धा पावत्या दिल्या होत्या हो.

दोन दिवस बरे गेले, ते खोटं सांगणार नाही. वेण्णा तलावावर मामंजी घोड्यावरसुद्धा बसले.

26 तारखेला सकाळी खोली सोडताना एक जण तपासणीला वर गेला, आणि खाली येऊन त्यानं जाहीर केलं: चादरीवर स्ट्रॉबेरीचा डाग, 1,200. केटलचं बूड वाकलंय, 600. केटल आम्ही हातात घेतली नव्हती, सासूबाईंना स्टोव्हवरचाच चहा लागतो. पण डाग खरा होता. महाबळेश्वरात डिसेंबरात स्ट्रॉबेरी खायची नाही तर काय खायचं? डाग दाखवा म्हटलं, तर चादर खाली आणली. रुपयाएवढा डाग.

मामंजी उठले. चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस. त्यांनी चादरीचा कोपरा अंगठा आणि बोट यांत धरून चोळला, उजेडाकडे धरला, किनार उलटी करून बघितली, आणि शांतपणे म्हणाले, ‘निम्मं पॉलिस्टर हाय. नवी कोरी चारशेला दारात आणून देतो.’ मॅनेजर म्हणाला, काका, आमचे रेट ठरलेले आहेत. मामंजी म्हणाले, ‘बरं. बाराशे घेतलासा न्हवं? मग चादर बांधून द्या की.’

मॅनेजर हसला. ती हॉटेलची मालमत्ता आहे म्हणाला. म्हणजे पैसे चादरीचे आणि चादर पण त्यांचीच. उरलेले 8,200? ‘आत्ता कॅश नाही, सात दिवसांत गूगल पे करतो.’ येताना यूपीआयचा घोळ होत होता, जाताना कॅशचा. केळघरच्या घाटानं परत येताना मामंजी एक शब्द बोलले नाहीत. पन्नास वर्षांची हौस फेडायला निघालो होतो आम्ही.

सात दिवसांचे सात आठवडे झाले. हॉटेलला फोन केला तर, वेबसाइटला विचारा. वेबसाइटवर आधी यंत्र बोलतं, आणि आपण रडकुंडीला आलो तरी ‘मला आनंद झाला’ म्हणतं. चाळीस मिनिटांनी माणूस मिळाला तो म्हणाला, ‘मॅडम, हम तो सिर्फ प्लॅटफॉर्म हैं.’ बाळा, प्लॅटफॉर्मवर नुसतं उभं राहायलाही रेल्वे तिकीट घेते, पण त्या बदल्यात गाडी कुठे लागणार ते तरी सांगते. तुम्ही 340 रुपये घेऊन काय सांगितलंत?

मग मी वाचायला बसले, महोदय. रात्री, भांडी झाल्यावर. केंद्राचे ई-कॉमर्स नियम आहेत, जुलै 2020 चे. त्यात आहे की वस्तूची किंवा सेवेची एकूण किंमत एका आकड्यात, सक्तीचे आणि ऐच्छिक आकार फोड करून दाखवायचे. तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण महिन्यात. पोच मला दोन मिनिटांत आली, यंत्रानंच दिली. नियम पाळला. 30 नोव्हेंबर 2023 ला ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं निघाली, फसवणुकीचे 13 प्रकार नावानिशी. खोटी घाई करणं त्यात आहे, ते माझे 27 जण. थेंबथेंब किंमत वाढवत नेणं, म्हणजे ‘ड्रिप प्रायसिंग’, तेही आहे. आणि कंपनीचं त्यावर उत्तर असं की डिपॉझिट परत मिळतं, म्हणून ते किमतीत धरत नाहीत. अहो, मग परत द्या ना!

आपल्याच खात्याचे वैधमापनाचे निरीक्षक आमच्या बाजारात येतात. भाजीवाल्या मावशीचा तराजू तपासतात, वजनांवर शिक्का आहे का बघतात, नसला तर तिला घाम फोडतात. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर ‘सर्व करांसह’ किंमत छापलेली नसली तर खटला होतो. मावशीचा तराजू दिसतो म्हणून तपासता येतो. जो तराजू मोबाइलमध्ये आहे आणि ज्याचं पारडं तीन टिचक्यांखाली दडवलंय, त्यावर शिक्का कोण मारणार? केंद्र म्हणेल राज्य, राज्य म्हणेल केंद्र. हॉटेल आणि वेबसाइट ही टोलवाटोलवी कुणाकडून शिकले ते आता मला कळतंय.

थोडा हिशोब करते, सवय आहे. 42 खोल्या, प्रत्येकी पाच हजार, म्हणजे गर्दीच्या दिवशी त्या एका काउंटरच्या ड्रॉवरमध्ये 2 लाख 10 हजार रुपये, बिनव्याजी, बिनपावती. अशी पन्नास हॉटेलं धरा (आकडा माझा, अंदाजाचा, खरा तुमच्याकडे असायला हवा), 1 कोटी 5 लाख. आम्ही एवढ्या ठेवी बिनपावती घेतल्या असत्या तर सहकार खात्यानं टाळं ठोकलं असतं, आणि बरोबर केलं असतं.

आणखी एक. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. केवढे ढोल वाजले. त्यात माझे वाचले 1,232 रुपये. चादरीत गेले 1,200. निव्वळ फायदा 32 रुपये. सरकारचे आभार.

हॉटेलवाल्यांचीही बाजू आहे. मॅनेजरच निघताना कुरकुरला होता की वेबसाइटवाले कमिशन भरमसाट कापतात आणि पैसे उशिरा देतात. असेल. स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर 2022 मध्ये एका बड्या बुकिंग कंपनीला 223 कोटींचा दंड ठोठावला, तो हॉटेलांवर जाचक अटी लादल्याबद्दलच. पण त्या दोघांच्या भांडणाचा खर्च माकडटोपी घालून सोफ्यावर बसलेल्या माणसाकडून का काढायचा?

डिपॉझिटचं खूळ काही हॉटेलापुरतं नाही. वीज कंपनी आयुष्यभर बिलं वेळेवर भरणाऱ्यालाही दरवर्षी ‘अतिरिक्त सुरक्षा ठेवी’चं वेगळं बिल पाठवते (निदान व्याज तरी देते). मुलाच्या कॉलेजात ग्रंथालयाची अनामत, प्रयोगशाळेची अनामत, ती परत मागायला गेलं तर मूळ पावती आणा म्हणतात आणि तोवर क्लार्क बदललेला असतो. मंगल कार्यालयाची अनामत खरकट्याच्या नावाखाली जाते. या राज्यात सामान्य माणूस म्हणजे आधीच आरोपी, जामीन भरूनच त्यानं आत यायचं.

आणि तुमचं डिपॉझिट? विधानसभेचा अर्ज भरताना खुल्या गटातल्या उमेदवाराला दहा हजारच भरावे लागतात ना? बरोबर माझ्याएवढे. पण तुम्हाला तो आकडा अर्जाआधी माहीत असतो. जप्त कधी होणार तेही लिहिलेलं आहे: वैध मतांच्या एक षष्ठांशपेक्षा कमी पडली तर. पावती मिळते. निवडणूक अधिकारी मागाहून येऊन ‘तुमच्या मतपेटीवर डाग आहे, बाराशे कापले’ म्हणत नाही. मला माझ्या दहा हजारांना तुमच्या दहा हजारांएवढीच वागणूक हवी आहे. आकडा खोलीच्या भाड्याशेजारी, भाड्याएवढ्याच अक्षरांत. शिक्क्याची पावती. ज्या वाटेनं घेतले त्याच वाटेनं, चावी परत करताक्षणी परत. आणि ज्यानं बुकिंगचे पैसे घेतले त्या वेबसाइटनं हॉटेलइतकंच जबाबदार राहायचं. याला समिती नेमू नका. हॉटेलातल्या सेवाशुल्काविरुद्धची तत्त्वं 4 जुलै 2022 ला आली, हॉटेलवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले, निकाल लागायला 28 मार्च 2025 उजाडलं. मामंजींना तेवढी सवड नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात जा, असं सांगाल. जाणार आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, राहत्या जिल्ह्यात दावा करता येतो, वकील लागत नाही, सगळं वाचलंय. तीन महिन्यांत निकाल, असं कायदा म्हणतो. कोल्हापूरला प्रत्येक तारखेला अर्धी रजा जाईल. मिस्टर म्हणतात, सोड आता. सोडत गेलो म्हणूनच तो मुलगा दहा हजार इतक्या सहज मागू शकला.

सोबत बुकिंगची प्रत, एटीएमची स्लिप आणि त्या लाँड्रीच्या चिठ्ठीची दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडली आहे. पुढच्या बाजूला शर्ट, पँट, साडी, चादर असे रकाने आहेत, चादर धुण्याचा दर 60 रुपये छापलेला आहे. मूळ चिठ्ठी माझ्याकडेच ठेवते. ती कुणाच्या हातात देणार नाही.

मामंजींना हे पत्र वाचून दाखवलं. पैशाचं ते काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, चादरीचं लिही. बाराशे भरलेत, चादर आपली आहे, त्यांना पाठवायला सांग.

आपली,
इचलकरंजीतली एक खातेदार ग्राहक