वीस शिलिंगची नोट सापडली

प्रिय बंड्या,

सापडली. नोट सापडली. आधी खाली बस, मग पुढचं वाच.

गेले दोन रविवार कर्जतचं घर रिकामं करतोय. अण्णांच्या कपाटात रेल्वेची जुनी टाइमटेबलं, तुला माहितीये ना ते रद्दीत घालू द्यायचे नाहीत, तर १९८४ च्या टाइमटेबलात पुण्याच्या गाड्यांच्या पानात तुझ्या काकांनी आणलेली ती ऑस्ट्रियाची वीस शिलिंगची नोट, एक घडीसुद्धा नाही. मीच ठेवली असणार रे. तुझ्यापासून लपवली आणि कुठे लपवली ते विसरलो, आणि मग अख्ख्या आळीत तुला चोर ठरवून मोकळा. तुझ्या बाबांनी पट्टा काढला तेव्हा मी तुमच्या पायरीवर उभा होतो, आत आलो नाही. वर्षभर आपण बोललो नाही ते याच्यापायी. सॉरी वगैरे लिहिलं तर तू हसशील म्हणून लिहीत नाही. आणि अकरा गोट्यांत नोट घेऊन फसवलं म्हणू नकोस, तेरा होत्या. काका बोटीवर आणि ऑस्ट्रियाला समुद्रच नाही, हे भूगोलात पैकीच्या पैकी घेणाऱ्या तुलाही तेव्हा सुचलं नाही!

तब्येत ठीक. शुगर आहे तशीच, गोळी चालू.

आता खरी पंचाईत ऐक. ही आणि मेव्हणी मिळून मे महिन्यात स्वित्झर्लंडला जायचं ठरवून बसल्यात. आठ दिवसांची ग्रुप टूर, टिटलिसवर शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी फोटो, युंगफ्राऊयोखला ३,४५४ मीटरवर गारठून वर भारतीय जेवण, संध्याकाळी बसमध्ये अंताक्षरी. रविवारपर्यंत ॲडव्हान्स भरायचाय. आणि नोट सापडल्यापासून मी ऑस्ट्रिया-ऑस्ट्रिया करतोय. जर्मन बोलणाराच देश हवा ना, मग हा घ्या, म्हटलं. खरं कारण सांगता येत नाही म्हणून रोज भाजी निवडताना नवीन कारण काढतो. व्हिएन्नात कॉफीहाउसात एक मेलांज, म्हणजे दुधाची कॉफी, मागवून दोन तास पेपर वाचत बसलं तरी वेटर उठवत नाही, म्हटलं. तर म्हणे बसायचंच असेल तर ओटा काय वाईट आहे. शोनब्रुनचा राजवाडा दाखवतो, १,४४१ खोल्या, तर म्हणे झाडतं कोण. ऑपेरात उभ्याची तिकिटं अगदी स्वस्त मिळतात म्हटलं तर माझ्या गुडघ्यांकडे नुसतं बघितलं. पटलं फक्त पाण्याचं. १८७३ पासून डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळाने थेट शहरात येतं, पंप नाही काही नाही, उतारानेच, बाटली विकत घ्यायला नको. पैसे वाचतात म्हटल्यावर अर्धी वळली. आणि तिकडे एकमेकांना 'ग्रूस गॉट' म्हणतात, त्यात देवाचं नाव आहे, हे मेव्हणीला आवडलं, म्हणजे आपलं राम रामच की, म्हणाली. दोघी आता मुद्दाम मला ग्रूस गॉट म्हणून चहा देतात.

पण बंड्या, तो पूल खरा आहे. नोटेच्या मागच्या बाजूचा. तू म्हणायचास काढलेलं चित्र आहे, मी म्हणायचो बोरघाटातल्या मंकी हिलच्या पुढचा आपलाच पूल आहे, दोघंही गाढव. ऑस्ट्रियातला सेमरिंगचा रेल्वेघाट. कमानींवर कमानी असा दुमजली, १८४ मीटर लांब, ४६ मीटर उंच, नाव काल्टे रिने, म्हणजे थंड घळ. नोटेवरचा कोटवाला माणूस म्हणजे कार्ल फॉन गेगा, त्यानेच हा घाट बांधला, १८४८ ते १८५४, ग्लोगनिट्सपासून मुर्त्सझुशलागपर्यंत ४१ किलोमीटर. आणि वेडेपणा बघ, काम सुरू केलं तेव्हा तो चढ चढेल असं इंजिनच कुणाकडे नव्हतं! आधी घाट खोदायला घेतला, मग १८५१ मध्ये इंजिनांची स्पर्धा लावली. तू असतास तर तिथेच तंबू ठोकला असतास. आपला बोरघाट त्यानंतर नऊ वर्षांनी, १८६३. बोगद्यांत आपण जिंकलो, मूळचे आपले २५, त्यांचे १४. डायनामाइट तेव्हा दोघांकडेही नव्हतं, साध्या बंदुकीच्या दारूने खडक फोडलेत. आणि मजूरही दोन्हीकडे साथीत पटापट गेलेत. नवरा गेल्यावर बोरघाटाचं कंत्राट पुरं करणारी ट्रेडवेलबाई मात्र त्यांच्याकडे नाही, हा पॉइंट माझा.

व्हिएन्नाहून सव्वा-दीड तासात गाडीने सेमरिंग स्टेशन, तिथून रुळांच्या कडेकडेने पायवाट आहे, तासाभर चाललं की नोटेवर दिसतो अगदी तोच देखावा. त्या जागेचं नावच वीस शिलिंगचा देखावा. शिलिंग २००२ मध्ये गेला, युरो आला, पण नाव तसंच. तिथे उभं राहून नोट डोळ्यासमोर धरायची, बस. एवढ्यासाठी माणशी अडीच लाख, हे हिला कसं सांगू?

त्यात खाली नवा २७ किलोमीटरचा बोगदा होतोय, २०३० ला सुरू करायचा म्हणतात, मग लांबच्या गाड्या खालून निघून जाणार. घाट राहील, पण कर्जतला गाडीला मागून ढकलणारं बँकर इंजिन लागणं बंद झालं तर तुला स्टेशनवर उभं राहवेल का? म्हणून आत्ताच जायचंय. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत अण्णा काश्मीरसुद्धा न बघता गेले.

आणि हिला खरं सांगायचं तर नोट सापडली हे सांगावं लागेल. म्हणजे २८ वर्षं मी तिला तुझी गोष्ट कशी सांगितली ते आलंच. तू घरी आलास की ही अजून गमतीत पर्स कपाटात ठेवते, तुला वाटतं नीटनेटकी बाई आहे.

वहिनींचा गुडघा कसा आहे? ताईच्या घराचं पझेशन मिळालं का? इंदूरला पोहे खाऊन वजन वाढवू नकोस, वाट चढाची आहे. हो, तुलाही यायचंय, नोट मूळची तुमच्या घरची, मी एकटा धरून उभा राहिलो तर परत चोरच. व्हिसाला ३०,००० युरोचा इन्शुरन्स लागतो, तो मी बघतो, तुझा पासपोर्ट कधी संपतो तेवढं कळव.

रविवारच्या आत फोन कर. हिने उचलला तर नोटेचं बोलू नकोस, मी अजून सांगितलेलं नाहीये.

तुझाच,
पक्या