उत्तर बरोबर, पण कशावरून?

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नेटवर्कवरचे हल्ले ९९ टक्के अचूकतेने ओळखणारी यंत्रणा आज विकत मिळत असेल, तर माझ्या संशोधनाला करण्यासारखे उरते तरी काय, असे बाबांनी मागे फोनवर विचारले होते. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर घाईघाईत देण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र.

आधी त्या ९९ टक्क्यांचाच हिशेब मांडून पाहू. समजा, एका मोठ्या संस्थेच्या नेटवर्कवर दिवसाला १० लाख जोडण्या होतात आणि त्यांपैकी १०० हल्लेखोरांच्या आहेत. यंत्रणा हल्ल्यांपैकी ९९ टक्के पकडते आणि निर्दोष जोडण्यांपैकी अवघ्या १ टक्क्यावर चुकीचा संशय घेते. म्हणजे ९९ हल्ले सापडले, पण त्यांच्यासोबत ९,९९९ खोटे इशारेही आले. पडद्यासमोर बसलेल्या माणसाने शंभर इशारे तपासावेत, तेव्हा कुठे त्यात एक खरा निघणार. असा माणूस लवकरच इशारे न वाचता बंद करू लागतो, आणि त्यांतच खरा इशाराही निसटतो. संगणक-सुरक्षेचे संशोधक स्टेफान अॅक्सेलसन यांनी हे गणित १९९९ मध्येच मांडले होते, तरीही जाहिरातीत आजही एकच आकडा ठळक छापला जातो.

माझा बहुतेक वेळ मात्र दुसऱ्याच प्रश्नात जातो: यंत्राने उत्तर बरोबर दिले, पण ते कशावरून दिले? बाबा, ताळेबंद जुळला तरी पावत्या पाहिल्याशिवाय तुम्ही त्यावर सही करत नव्हता. माझे काम त्याच जातीचे आहे.

एक उदाहरण सविस्तर सांगते. नेटवर्कवरून माहिती लहान लहान पॅकेटांच्या रूपात जाते आणि प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर (पॅकेट पुढे पाठवणारे यंत्र) तो एकाने कमी करतो आणि तो शून्यावर आला की पॅकेट टाकून दिले जाते. नाहीतर वाट चुकलेली पॅकेट नेटवर्कमध्ये फिरतच राहिली असती. अमेरिकेतल्या एमआयटी लिंकन प्रयोगशाळेने १९९९ मध्ये, हल्ले ओळखणाऱ्या यंत्रणांची परीक्षा घेण्यासाठी, कृत्रिम वाहतुकीचा एक डेटासेट, म्हणजे नोंदींचा संच, तयार केला आणि पुढे कित्येक वर्षे संशोधकांनी आपापल्या पद्धती त्यावर पारखल्या. २००३ मध्ये मॅथ्यू महोनी आणि फिलिप चॅन यांनी तो बारकाईने पाहिला, तेव्हा असे दिसले की टीटीएल १२६ किंवा २५३ असलेली पॅकेट फक्त हल्ल्यांमध्येच होती. नेहमीच्या वाहतुकीत हा आकडा बहुतेक ठिकाणी १२७ किंवा २५४ होता. हल्ल्याच्या स्वरूपाशी या फरकाचा काहीही संबंध नव्हता. हल्ले वेगळ्या संगणकावरून सोडल्यामुळे तो पडला असावा. उदाहरणांवरून शिकणाऱ्या यंत्राला हे कोण सांगणार? ते तो एक आकडा पाठ करते आणि परीक्षेत उत्तम गुण मिळवते.

अशी सोपी पळवाट शोधून काढण्यासाठी, ज्याचे आतले कामकाज दिसत नाही अशा मॉडेलच्या, म्हणजे शिकवून तयार केलेल्या यंत्रणेच्या, निर्णयांवरून आम्ही माणसाला वाचता येईल असा निर्णयवृक्ष, म्हणजे एकाखाली एक हो-नाही प्रश्नांची उतरंड, तयार करतो. ‘ट्रस्टी’ हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले साधन हेच करते. सध्या मी तपासत असलेले एक मॉडेल, एकामागून एक पासवर्ड वापरून पाहणारा हल्ला जवळजवळ न चुकता ओळखत होते. त्याच्या निर्णयवृक्षात सर्वांत वरचा प्रश्न निघाला तो पोर्ट क्रमांकाचा, म्हणजे जोडणी संगणकावरच्या कोणत्या सेवेकडे जाते हे सांगणाऱ्या आकड्याचा. दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्यासाठीच्या एसएसएच या सेवेच्या २२ क्रमांकाच्या पोर्टवर त्या डेटासेटमध्ये हल्ल्याखेरीज जवळपास काही नव्हतेच, कारण तिथून रोज लॉगिन करणाऱ्या कर्मचाऱ्यांची वाहतूक कोणी नोंदवलीच नव्हती. हे मॉडेल खऱ्या नेटवर्कवर बसवले असते, तर सर्व्हर सांभाळणारा प्रत्येक माणूस हल्लेखोर ठरला असता. मी पोर्टचा रकाना काढून मॉडेल नव्याने शिकवले, तेव्हा त्याचे गुण बरेच खाली आले; पण आता ते निदान लॉगिनच्या प्रयत्नांमधले अंतर आणि पॅकेटांचे आकार तरी पाहते आहे. हल्लेखोर हे अंतर मुद्दाम वाढवू शकतो, हेही खरे, आणि तो भाग मला सर्वांत कठीण वाटतो. इथे समोरचा माणूस आपल्या मॉडेलचा अभ्यास करून चाल बदलतो.

यात माझा जीव का गुंततो, हेही सांगते. मे २०१७ मध्ये संगणकातल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या घातक प्रोग्रामचा हल्ला झाला, तेव्हा ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांचे संगणक बंद पडले आणि रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. हल्ला न ओळखण्याची किंमत ही. पण खोट्या संशयावरून एखाद्या अतिदक्षता विभागाची जोडणी तोडणारी यंत्रणाही तितकीच घातक ठरेल. रुग्णाच्या उशाशी असलेल्या यंत्राबाबत असा निर्णय होणार असेल, तर त्याचे कारण कोणीतरी आधी तपासलेले असलेच पाहिजे.

आई, तुझी काळजी वेगळी आहे, ती मला ठाऊक आहे. माझा करार पुढच्या वर्षी संपतो, कायम नोकरी अजून नाही, आणि बरोबरीच्या मुलांचे शोधनिबंध माझ्यापेक्षा अधिक आहेत. तपासणीच्या कामाला वेळ लागतो, आणि ‘हे मॉडेल सांगितले तितके चांगले नाही’ हा निष्कर्ष छापून आणणे, ‘आमचे मॉडेल सर्वांत चांगले’ म्हणण्यापेक्षा जड जाते. तरीही या कामाची दखल घेतली जाते. सुरक्षाक्षेत्रातील अग्रगण्य परिषदांमधले, आधीच्या दहा वर्षांतले ३० निबंध काही संशोधकांनी तपासले आणि प्रत्येकात पद्धतीच्या किमान तीन उणिवा आढळल्याचे २०२२ मध्ये मांडले. तो निबंध आता आमच्या गटात नव्याने आलेल्या प्रत्येकाला आधी वाचायला देतात. पुढच्या जागेसाठी मी अर्ज करते आहे आणि त्यांत एका कंपनीचाही समावेश आहे, पण तपासणीचे काम करायला मिळेल तिथेच जायचे, एवढे मी पक्के केले आहे.

पोर्टच्या रकान्याविना शिकवलेल्या मॉडेलची चाचणी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका संस्थेच्या वाहतुकीवर सुरू होईल. गुण आणखी उतरतील असा माझा अंदाज आहे. जे आकडे येतील तेच निबंधात जातील, आणि छापून येण्याआधी तुम्हा दोघांना कळवीन.

तब्येतीला जपा.

तुमची लेक