रिसीव्हरमागचा गुंता कागदावर सोडवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

त्या संध्याकाळी आपण निघालात तेव्हा दारात उभी राहून मी आपले आभार मानले होते, पण तीन तासांच्या आपल्या श्रमांपुढे ते दोन शब्द मला फार अपुरे वाटले. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि ते सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. आपण मला जे समजावून दिलेत, ते रिसीव्हरच्या, म्हणजे सगळ्या उपकरणांचा आवाज घेऊन स्पीकरना पुरवणाऱ्या पेटीच्या, मागची डझनभर छिद्रे पाहून गोंधळलेल्या प्रत्येकाच्या उपयोगी पडावे, अशी माझी इच्छा आहे. नाव लिहू नये ही आपली सूचना मी पाळली आहे.

नवा फोर-के टीव्ही घरी आल्यापासून आमचा जुना रिसीव्हर आता बदलावाच लागणार, असे मी जवळजवळ ठरवून टाकले होते. चित्र सुंदर दिसत होते, परंतु पाच स्पीकर आणि एक सबवूफर जोडलेले असूनही आवाज पुढच्या दोनच स्पीकरमधून येत होता, आणि रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर कोणताही चित्रपट लावला तरी ‘पीसीएम’ (म्हणजे आधीच उलगडलेला अंकीय ध्वनी) हीच अक्षरे दिसत होती. दुकानात विचारले तेव्हा महागड्या केबल घ्या, एवढेच उत्तर मिळाले होते.

आपण आल्यावर एकाही वायरीला हात लावला नाहीत. कोरा कागद आणि पेन्सिल मागून घेतलीत, घरातल्या प्रत्येक उपकरणाची चौकट काढलीत आणि प्रत्येक चौकटीतून निघणाऱ्या रेघेवर मला दोनच प्रश्न विचारलेत: या वाटेने नेमके काय जाते, आणि ते कुठे उलगडले जाते? चित्र उलगडायचे काम टीव्हीचे आणि ध्वनी उलगडायचे काम रिसीव्हरचे, एवढे एकदा निश्चित झाल्यावर दोघांनी एकाच वायरीने प्रवास केला पाहिजे असे नाही, हे मला त्या कागदावर प्रथमच दिसले.

मी सगळी उपकरणे टीव्हीला जोडली होती आणि टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत प्रकाशाने ध्वनी नेणारी एक ऑप्टिकल केबल नेली होती. टीव्हीच्या मेन्यूमध्ये ध्वनीची निवड ‘पीसीएम’वर होती, आणि ऑप्टिकल वाटेने पीसीएम जातो तो दोनच चॅनेलचा. ती निवड ‘बिटस्ट्रीम’वर, म्हणजे ध्वनी न उलगडता तसाच पुढे पाठवण्यावर, नेताच डॉल्बी डिजिटलचे ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांचे) चॅनेल रिसीव्हरपर्यंत पोचू लागले. तेवढ्यावर मी समाधानी झाले असते, आपण झाला नाहीत. तोशिबाने १९८३ मध्ये ही जोडणी आणली ती सीडी प्लेअरच्या दोन चॅनेलांसाठी, डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस हे ध्वनिप्रकार त्यात मावतात ते दाबून लहान केलेले असतात म्हणून, आणि डॉल्बी डिजिटल प्लस, ट्रू-एचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या नंतरच्या ध्वनिप्रकारांना त्या वाटेवर जागाच नाही, हे आपण सांगितलेत. ऑप्टिकलचा एक गुण मात्र आपण आवर्जून नोंदवलात: तिच्यातून वीज वाहत नसल्यामुळे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधल्या फरकाने येणारी गुणगुण तिच्या वाटेने येत नाही.

नंतर आपण टीव्हीच्या मागे विजेरी धरून ‘एआरसी’ हे शब्द ज्या एकाच एचडीएमआय छिद्राजवळ छापले होते ते मला दाखवलेत. रिसीव्हरच्या ‘आउट’मधून निघणारी केबल त्याच छिद्रात गेली पाहिजे. मग तीच एक वायर चित्र पुढे नेते आणि टीव्हीचा आवाज मागे रिसीव्हरकडे आणते. ही सोय एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीबरोबर २००९ मध्ये आली. आमचा रिसीव्हर त्यानंतरचाच असल्याने ती त्यात होती, आणि मला तिचा पत्ता नव्हता. टीव्हीच्या सेटिंगमधला, उपकरणांना एकमेकांशी बोलू देणारा ‘सीईसी’ हा पर्याय सुरू केल्यावर ती कामाला लागली, आणि टीव्हीमधल्याच अ‍ॅपवरून येणारा डॉल्बी डिजिटल प्लसचा ध्वनीही रिसीव्हरला मिळू लागला. ट्रू-एचडीसारखा ध्वनीही आणणारे तिचे सुधारित रूप ‘ई-एआरसी’ मात्र २०१७ च्या २.१ आवृत्तीतली गोष्ट आहे, ती दोन्ही टोकांच्या उपकरणांत असावी लागते, आणि आमच्या रिसीव्हरमध्ये ती कोणत्याही सेटिंगने किंवा केबलने येणार नाही, हे आपण स्पष्ट शब्दांत सांगितलेत. खोटी आशा न दाखवल्याबद्दलही मी आपली ऋणी आहे.

खरी अडचण फोर-के डिस्क प्लेअरची होती. तो रिसीव्हरमार्गे टीव्हीला जोडला की चित्र साध्या एचडीवर उतरत होते, आणि मी दोष प्लेअरला देत होते. फोर-के डिस्कमधल्या चित्राला एचडीसीपी २.२ हे कुलूप असते आणि त्याची किल्ली साखळीतल्या प्रत्येक उपकरणाजवळ लागते. मध्येच एकाकडे ती नसेल तर पूर्ण तपशिलाचे चित्र पुढे जात नाही. आमच्या रिसीव्हरकडे ती नव्हती. आपण प्लेअर फिरवून त्याच्या मागची दोन एचडीएमआय छिद्रे दाखवलीत. दुसरे छिद्र आणखी एखाद्या टीव्हीसाठी असावे, असा माझा समज होता. आपण पहिल्यातून चित्र थेट टीव्हीला दिलेत आणि दुसऱ्यातून केवळ ध्वनी रिसीव्हरला. ट्रू-एचडी आणि डीटीएस-एचडी मूळ स्वरूपात पाठवण्याची क्षमता एचडीएमआयमध्ये २००६ च्या १.३ आवृत्तीपासून आहे, आणि ते उलगडण्याची विद्या आमचा जुना रिसीव्हर इतकी वर्षे जाणत होता. प्लेअरमधला ‘दुय्यम ध्वनी’ (मेन्यूचे आवाज, समालोचन वगैरे) हा पर्याय बंद करण्याची आठवण आपण केली नसती, तर तो मिसळण्यासाठी मूळ ध्वनी पुन्हा दाबला गेला असता आणि मी परत गोंधळले असते. मागच्या दोन स्पीकरमधून पावसाचा आवाज आला, तो क्षण मला विसरता येणार नाही.

केबलच्या बाबतीत आपण मला मोठ्या खर्चातून वाचवलेत. एचडीएमआयमधून जाणारा संकेत अंकांचा असतो; तो पुरेसा पोचला तर चित्र पूर्ण दिसते, आणि कमी पडला तर पडद्यावर ठिपके चमकतात किंवा पडदा क्षणभर काळा होतो, पण महाग केबलने रंग अधिक गहिरे होत नाहीत. सेकंदाला ६० फ्रेमच्या फोर-के चित्रासाठी सेकंदाला १८ गिगाबिट नेणारी प्रमाणित केबल पुरते, आणि २.१ आवृत्तीच्या पूर्ण ४८ गिगाबिटसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असा प्रमाणित शिक्का पाहावा. अंतर फार असेल तर प्रकाशतंतूची एचडीएमआय केबल घ्यावी आणि तिचे कोणते टोक टीव्हीकडे जायचे ते वाचूनच ती भिंतीत घालावी. आमचे अंतर दोन मीटर होते, त्यामुळे घरातल्याच केबल पुरल्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हे पत्र लिहीत आहे, तिच्याकडे येते. कपाटात वडिलांचा जुना हाय-एट व्हिडिओ कॅमेरा आणि त्याच्या कॅसेट होत्या. नव्या टीव्हीला तो जोडण्याची सोय नाही, असे समजून मी त्या पुन्हा डब्यात ठेवणार होते. आपण रिसीव्हरची पुस्तिका मागितलीत, कोणत्या प्रकारचे चित्र कोणत्या प्रकारात बदलून बाहेर जाते त्याचा तक्ता शोधलात, आणि एस-व्हिडिओ व पिवळ्या पिनेचे कंपोझिट चित्र हा रिसीव्हर एचडीएमआयमध्ये बदलून देतो, हे मला दाखवलेत. कंपोझिटमध्ये उजेड आणि रंग एकाच तारेत मिसळलेले असतात, त्यामुळे कडांवर रंगांचे ठिपके सरकताना दिसतात. एस-व्हिडिओमध्ये ते दोन स्वतंत्र तारांतून जातात. आपण दोन्ही जोडण्या एकामागून एक लावून तोच प्रसंग मला दोनदा दाखवलात, आणि दुसऱ्या वेळी आईच्या साडीच्या काठाची नक्षी स्वच्छ दिसली. आवाजासाठी तांबडी आणि पांढरी पिन लावलीत आणि पाच स्पीकरमध्ये तो पसरवण्याचा मोह टाळून दोनच स्पीकरवर ठेवलात, कारण तो तसाच ध्वनिमुद्रित झाला होता. वडिलांचा आवाज त्या खोलीत अकरा वर्षांनी ऐकू आला. आपण तेव्हा काही न बोलता गॅलरीत जाऊन उभे राहिलात, त्याबद्दलही आभार.

आईचा रेकॉर्ड प्लेअर सीडीच्या छिद्रात लावल्यामुळे क्षीण आणि पातळ ऐकू येत होता, तोही आपण मार्गी लावलात. सुईतून केवळ काही मिलिव्होल्टचा संकेत येतो आणि रेकॉर्डवर खर्ज मुद्दाम कमी कोरलेला असतो, म्हणून मध्ये फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायर लागतो, हे ऐकून आईने लगेच तो मागवायला सांगितले. तो आला आहे आणि रोज सकाळी चालतो. ओठ आणि शब्द जुळवण्यासाठी आवाज थोडा उशिरा सोडण्याची सोय आपण दाखवली होती, तीही वापरात आहे.

आपला तो कागद मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. आपण सांगितल्याप्रमाणे प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावून झाल्या आहेत. अजून चार कॅसेट पाहायच्या राहिल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीवर वडिलांच्या अक्षरात आपल्या दोन्ही घरांच्या सहलीची नोंद आहे. ती आपल्याशिवाय लावायची नाही, असे आईने बजावले आहे. येत्या रविवारी आपण काकूंना घेऊन अवश्य यावे.

आपली कृतज्ञ,
खालच्या मजल्यावरची शेजारीण