वकील मॅडम, तुम्ही माझा फोन उलटा ठेवलात

मॅडम,

घटस्फोटाच्या निकालाची सर्टिफाइड कॉपी हातात आली त्या दिवशी तुम्हाला धड थँक्यूसुद्धा म्हणता आलं नाही मला. बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात खाली नुसती रडत उभी राहिले आणि तुमची दुसरी मॅटर पुकारली म्हणून तुम्ही वर पळालात. तेव्हापासून रोज रात्री मुलं झोपली की लिहायला बसते आणि राहतं, आज काहीही झालं तरी पूर्ण करायचं ठरवलंय. उघड लिहितेय कारण माझ्यासारखीच कोणी बाई आत्ता फोन उशीखाली घेऊन जागी असेल तर तिच्यापर्यंत पोचावं. तुमचं नाव लिहीत नाही, माझंही नाही, मुलांचं तर नाहीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नवऱ्याने माझं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या लॅपटॉपवर लिंक करून ठेवलं होतं, किती महिने ते मला आजही कळलेलं नाही. बहिणीशी बोललेलं, मैत्रिणीशी बोललेलं, सगळं वाचलं, स्क्रीनशॉट काढून ठेवले. ऑगस्ट २०२४ मध्ये मी दोन्ही मुलांना घेऊन भांडुपला आईकडे आले आणि चौथ्या दिवशी त्याने माझे दोन फोटो सासरच्या ग्रुपवर टाकले. कसले फोटो, तर २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, धाकटा दीड महिन्याचा होता, माझ्या छातीत गाठ होऊन पू झाला होता, ताप उतरत नव्हता, दवाखान्यात जायची भीती, म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या फोटो पाठवा, ते फोटो. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुखण्याचे फोटो. आणि खाली लिहिलं, "हिचे धंदे बघा." त्या ग्रुपवर माझे सासरे होते, दोन दीर होते. नंतर खोटं अकाउंट काढून फेसबुकवरसुद्धा टाकले.

पोलीस स्टेशनला गेले, कुठलं ते लिहीत नाही. तिथे म्हणाले नवराच आहे ना, घरातला मामला घरात मिटवा. मग म्हणाले दाखवा काय आहे ते. मी फोन दिला, तो टेबलावरून तिघांच्या हातात फिरला, एकाने दोन बोटांनी मोठा करून बघितला. मी समोर ओढणी मुठीत धरून बसले होते. नंतर ओळखीतून एक वकील मिळाले, चाळीस हजार आधी घेतले, म्हणाले त्याचे सगळे स्क्रीनशॉट आपण कोर्टात एका झटक्यात उडवून टाकू, टेन्शन घेऊ नका, ते फोटो फक्त मला व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा. त्यांच्या ऑफिसातल्या पोराने माझ्यासमोर कॉम्प्युटरवर उघडून कलर प्रिंट काढली, फाइलमध्ये लावली आणि फाइल तशीच उघडी टाकून चहा सांगायला गेला. बाजूला अजून दोन पक्षकार बसले होते. मी स्वतः उठून ती फाइल बंद केली. मला आजही राग येतो, आणि तो येऊ द्यायचा असं मी ठरवलंय.

मग तुम्ही भेटलात. बहिणीने कुठेतरी वाचलं होतं की विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, पगार किती का असेना, १९८७ चा कायदाच आहे तसा, आणि १५१०० ला फोन केला तरी सांगतात. घरी सगळे म्हणाले फुकटचा वकील काय कामाचा. माझ्याकडे आणखी चाळीस हजार नव्हतेच, म्हणून आले.

दादरची तुमची ती खोली, जिन्याखाली झेरॉक्सवाला, आत दोन खुर्च्या, पंख्याचा कटकट आवाज. मी बसले आणि सवयीने फोन अनलॉक केला, गॅलरी उघडली आणि तुमच्यापुढे सरकवला. एवढी सवय लागली होती मला दाखवायची. तुम्ही फोन हातात घेतलात, न बघता, पालथा टेबलावर ठेवलात, वर तुमची डायरी ठेवलीत आणि म्हणालात, "मला बघायची गरज नाही. तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

मॅडम, तुम्हाला कदाचित आठवतही नसेल, तुमच्यासाठी ते रोजचं काम असेल. पण तोपर्यंत मला कोणी सांगा असं म्हटलंच नव्हतं हो, सगळ्यांना बघायचं होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा अख्खी गोष्ट सांगितली, गाठ कशी झाली, ताप किती होता, बाळ रात्रभर कसं रडायचं, आणि तुम्ही ते सगळं लिहून घेतलंत. मधेच पेन थांबवून विचारलंत, "आता दुखतं का तिथे?" माझ्या आईनेसुद्धा हे विचारलं नव्हतं, तिला बिचारीला लोक काय म्हणतील हेच पडलं होतं.

मग तुम्ही सांगितलंत की आयटी अ‍ॅक्टच्या कलम ६६ ई मध्ये शरीराचा खाजगी भाग म्हणजे काय ते लिहिलेलंच आहे, त्यात बाईची छाती आहे, तिच्या संमतीशिवाय असा फोटो पाठवणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि नवऱ्याला सूट असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. परत येताना गच्च भरलेल्या लोकलमध्ये मी तेच मनात म्हणत आले, नवऱ्याला सूट नाही, नवऱ्याला सूट नाही. फेसबुकवरचं तुम्ही आयटीच्या २०२१ च्या नियमांवर बोट ठेवून तक्रार केलीत तसं दुसऱ्या दिवशी गेलं. पोलिसांकडे तुम्ही स्वतः आलात, आणि या वेळी फोन कोणाच्या हातात फिरला नाही. कोर्टातसुद्धा ते फोटो बंद पाकिटातच गेले, आणि सुनावणी दार लावून व्हावी म्हणून तुम्ही अर्ज केलात.

तुम्ही मला खोटं काहीच सांगितलं नाही हे पण लिहायला हवं. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा तो निकाल आला, की नवरा-बायकोच्या वादात चोरून केलेलं रेकॉर्डिंगसुद्धा पुरावा म्हणून बघता येईल, त्या संध्याकाळी तुम्ही स्वतः फोन केलात. म्हणालात, उद्या कोणीतरी तुम्हाला हे फॉरवर्ड करून घाबरवेल, म्हणून आधी माझ्याकडून ऐका. त्याचे स्क्रीनशॉट कदाचित कोर्टात येतील, पण कागद आत आला म्हणून तो म्हणतो ते खरं ठरत नाही. मी त्या रात्री झोपले. झटक्यात उडवून टाकू म्हणणाऱ्यांनी मला कधी झोपू दिलं नव्हतं.

आणि एकदा तुम्ही मला ओरडलात तेही आठवतंय. त्याच्या मोबाइलचा पिन मला माहीत होता, मुलांना सोडायला आला तेव्हा फोन माझ्या हाताशी होता, मी तुम्हाला विचारलं त्याच्या बँकेचे मेसेज फोटो काढून घेऊ का, पोटगीला उपयोगी पडतील. तुम्ही म्हणालात, "त्यांनी जे केलं ते आपण करायचं नाही. उत्पन्न आणि मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट दोघांनाही द्यावंच लागतं, २०२० पासून सुप्रीम कोर्टाचं तसं सांगणं आहे, ते येऊ दे." मला तेव्हा राग आला होता तुमचा. आता वाटतं बरं झालं, नाहीतर मी पण तसलीच झाले असते.

मुलांचं तर काय लिहू. धाकटा पाचच्या आतला म्हणून तो सहसा आईकडे राहतो असं तुम्ही सांगितलंत, पण मोठीच्या बाबतीत आधीच स्पष्ट केलंत की जज तिच्याशी बोलतील, तिला काहीही शिकवून आणायचं नाही, बाबाविरुद्ध एक शब्द नाही. ती नऊ वर्षांची, चेंबरच्या दाराशी माझा हात सोडून आत गेली तेव्हा माझे पाय थरथरत होते. बाहेर आल्यावर मी विचारणार तेवढ्यात तुम्ही मान हलवलीत, नको म्हणून. मी नाही विचारलं. आजपर्यंत नाही विचारलं. ते तिचं आहे.

शेवटी काउन्सेलरांसमोर बसून म्युच्युअल झालं, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट. मुलं माझ्याकडे, शनिवार-रविवार बाबाकडे, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला विचारल्याशिवाय मुलांचा फोटो कुठेही टाकायचा नाही, ही अट तुम्ही कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींच्या कागदात, घातलीत. फोटोंच्या तक्रारीचं काय झालं ते मी इथे लिहिणार नाही.

चांगली माणसं असतात हो. मधल्या काळात मला ते खोटं वाटायला लागलं होतं. कोर्टातल्या शिपाईदादांनी एकदा धाकट्याला झोप आली म्हणून स्वतःची खुर्ची दिली, कुर्ल्याहून बीकेसीला कोर्टात जाताना शेअर रिक्षावाल्याने मी रडतेय बघून काहीच विचारलं नाही, नुसता गाण्याचा आवाज कमी केला. ही सगळी माणसं आधीही तिथेच असतील, मला दिसायला लागली ती तुमच्या खोलीतून बाहेर पडल्यावर.

परवा लेकीचा वाढदिवस झाला. मी तिला विचारलं, स्टेटसला फोटो ठेवू का गं? ती म्हणाली केकचा ठेव, माझा नको. केकचाच ठेवला. तुम्ही बघून विचारलंत कुठला केक, तेव्हा घाईत सांगायचं राहिलं. स्टेशनजवळच्या बेकरीतला आहे. शनिवारी मुलं बाबाकडे असतील, तुमच्यासाठी अर्धा किलो घेऊन दादरला येतेय.

तुमची,
भांडुपची