बाळूच्या पायांबद्दल, आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस, सा. न. वि. वि.

बाबा, काल तुम्ही एकच विचारलंत, "बाळू चालणार का नाही?" फोनवर दोन शब्दांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहिते. आईलाही वाचून दाखवा.

मिरगाआधी कौलं परतताना तो पडला आणि पाठीचा बारावा मणका मोडला. हाड ऑपरेशननं बसवलंय. खरा प्रश्न आतल्या मज्जारज्जूचा. बेळगावच्या डॉक्टरांनी कापूस आणि टाचणी घेऊन त्याला वरपासून खालपर्यंत तपासलं आणि शेवटी संडासच्या जागीही, म्हणजे गुदद्वारापाशी, बघितलं. आई, तुला ते फार लागलं होतं. पण सगळ्यात मोलाची तपासणी तीच. मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या नसा तिथं येतात. तिथलं कळलं, म्हणजे मेंदूपर्यंतची वाट पुरती तुटलेली नाही. बाळूला तिथं नुसता स्पर्शच नाही, टाचणीचं टोकही कळलं. टोचल्याची जाण नेणाऱ्या नसा हालचालीच्या नसांजवळूनच जातात, म्हणून मला त्यातच जास्त आशा दिसते. त्याच्या कागदावर इजेची प्रत 'ए' (वाट पुरती तुटलेली) नाही, 'बी' (हालचाल नाही, पण जाणीव शिल्लक) आहे, ते यामुळेच. पडल्या दिवशी पाय लुळेच असतात, त्यावरून काही बोलू नये. तीन दिवसांनंतरची तपासणी धरायची.

२०११ साली युरोपातल्या डॉक्टरांनी शेकडो रुग्णांच्या नोंदींवरून एक आडाखा बसवला. वय ६५ च्या आत आहे का, गुडघा सरळ करणारा मांडीचा स्नायू आणि पोटरी किती जोर धरतात, गुडघ्याच्या आतल्या अंगाला आणि टाचेच्या बाहेरच्या कडेला स्पर्श कळतो का. सुरुवातीच्या पंधरवड्यातल्या एवढ्या तपासणीवरून, वर्षभरानं माणूस आपला आपण चालेल का याचा अंदाज येतो. बाळूचं वय त्याच्या बाजूनं आहे, स्पर्शही दोन्हीकडे आहे. स्नायू अजून उठलेले नाहीत. म्हणून बाबा, मी 'हो' म्हणत नाही आणि 'नाही' म्हणू देत नाही. जे परत यायचं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन ते सहा महिन्यांत येतं. नंतरही येतं, पण सावकाश.

हे महिने वाया जायला एका जागी दाब पडून झालेली एक जखम पुरते. पाठीला जखम झाली की बसणं बंद, व्यायाम बंद. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. व्हीलचेअरवर असला की अधूनमधून हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. रोज उजेडात माकडहाड, कुल्ले, टाचा, घोटे बघा. लाल डाग दिसला तर बोटानं दाबा. दाबल्यावर पांढरा पडला नाही, तर त्या जागेवर अजिबात भार नको आणि मला लगेच फोन करा. आई, न्हाणीतलं पाणी आधी तू स्वतःच्या कोपरानं बघ, त्याला चटका नीट कळेलच असं नाही. शेकायची पिशवी तर नकोच. लघवी काढायला नळी दर चार ते सहा तासांनी घालायची, हात साबणानं धुऊनच. तुंबलेल्या लघवीनं किडनी जाते. पाठ चोळून घ्यायला हाडवैद्याला बोलावू नका, स्क्रू अजून कच्च्या हाडात आहेत.

आता जमिनीचं. स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचाराची जाहिरात पाहून माळावरचा तुकडा विकायचं तुमच्या मनात आहे, असं आई म्हणाली. बाबा, तो विकू नका. आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या) २०१७ च्या नियमांप्रमाणे मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेल फक्त संशोधनातच वापरता येतात, आणि तिथं रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. जो पैसे मागतो त्याच्या दारी जायचं नाही. तेच पैसे चांगली गादी, मापाची व्हीलचेअर आणि खानापूरहून रोज येणाऱ्या फिजिओसाठी लागतील. न्हाणीचा उंबरा काढून उतार करा, गवंड्याला या आठवड्यातच सांगा.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ साली पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक पोहून आणलं. बाळूला हे तुम्ही सांगा, माझ्यापेक्षा तुमचं तो ऐकतो. आणि त्याच्यासमोर "आता कसं होणार" म्हणू नका, तो सगळं ऐकत असतो.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं येते. तोवर नळीची वेळ आणि लघवीचं माप वहीत लिहून ठेवा. अंगठा हलल्यासारखा वाटला तर तेही तारखेसकट लिहा.

तुमची,
सुमी