पोटदुखीची गोळी आणि नववा प्रश्न

मा. संपादक,

सततची पोटदुखी, डोकेदुखी, उडालेली झोप घेऊन दहावी-बारावीची मुले प्राथमिक आरोग्य केंद्रात येतात आणि गोळी घेऊन परत जातात. या तक्रारींमागे नैराश्य आहे का, हे चाचपणारी किशोरांसाठीची ९ प्रश्नांची पीएचक्यू प्रश्नावली तिथेच पाचेक मिनिटांत भरून होते. विचारायचे ते गेल्या २ आठवड्यांबद्दल. उत्तरांच्या गुणांची बेरीज १० किंवा जास्त आली तर सविस्तर तपासणी. मात्र नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा. तिथे शून्याखेरीज काहीही आले, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी मुलाशी बोलायलाच हवे. घोडे अडते ते आई शेजारी असते म्हणून. तिला थोडा वेळ बाहेर बसवा. जिवाला धोका असेल तर घरी सांगावे लागेल, हे मुलाला आधीच सांगा. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक केसपेपरवर लिहायला शाई कितीशी लागते?

— एक वैद्यकीय अधिकारी