बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

नागोया, जपान

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. टीव्हीवर पाहिलात तो भूकंप इथून पुष्कळ लांब झाला, आमच्याकडे फडताळातली बरणीसुद्धा हलली नाही. आई, मी उपाशी राहत नाही. इथं साध्या सारातही माशाचा अर्क असतो हे खरं, पण भात, टोफू आणि तुझा गोडा मसाला यांवर माझं भागतं. बारीक दिसते ती चालण्यामुळे.

बाबा, तुम्ही विचारलंत, 'पगार बुडवून एवढ्या लांब गेलीस, तिथं नवीन शिकतेस तरी काय?' फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

इथल्या काही शाळांत विज्ञानाच्या तासाला मतदान होतं. हसू नका! कियोनोबु इताकुरा नावाच्या विज्ञान-इतिहासकारांनी १९६३ मध्ये ही पद्धत मांडली. गुरुजी एका प्रश्नाचा कागद वाटतात. वजनकाट्यावर दोन पायांवर उभं राहिलं, एका पायावर राहिलं किंवा उकिडवं बसून अंग आवळलं, तर वजन कधी जास्त भरेल? की सारखंच? प्रत्येकानं एका पर्यायावर खूण करायची. मतं मोजून फळ्यावर लिहायची, मग कारणं सांगायची. 'असंच वाटलं' हेही कारण चालतं. मुलं तावातावानं भांडतात, पटलं तर बाजू बदलतात आणि मगच काटा आणतात. (सारखंच भरतं. आईला उभं करून बघा. काटा जरा डुगडुगेल, पण स्थिर झाला की आकडा तोच.)

मी पाहिलेल्या एका तासाला पाण्याचं भांडं काट्यावर होतं. त्यात २० ग्रॅमचा लाकडी ठोकळा तरंगत सोडला तर काटा कितीनं वाढेल? एक हुशार मुलगा उठला. म्हणाला, पाणी ठोकळ्याला वर उचलून धरतं, मग त्याचा भार काट्यापर्यंत पोचेलच कसा? निम्मा वर्ग त्याच्याकडे वळला. काटा मात्र बरोबर २० ग्रॅमनी वाढला. पाणी ठोकळ्याला जेवढं वर रेटतं, तेवढाच ठोकळा पाण्याला खाली रेटतो ना! पण गुरुजींनी हे सांगितलंच नाही. चकार शब्द न बोलता पुढचा कागद वाटला: साखर पाण्यात विरघळली तर वजन किती? माझ्या हाती खडू असता तर मी उरलेला तास व्याख्यान दिलं असतं. त्या मुलानं मात्र सगळ्यांच्या आधी खूण केली.

आपल्याकडे अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते पाणी शिंपडून नारळ पेटवून दाखवतात, शेंडीत सोडियमचा तुकडा लपवून. मुलं टाळ्या वाजवतात, मग गुपित कळतं. ते हवंच. पण पाणी शिंपडण्याआधीच 'काय होईल? का?' असं विचारून हात वर करून घेतले तर? आधी अंदाज न बांधणारा नुसता चकित होतो, चुकायला त्याचा अंदाजच नसतो. अंदाजाची सवय लागलेली पोरं उद्या बुवालाही विचारतील, 'शेंडी सोलून बघू का?'

अशानं वर्गाचा अभ्यासक्रम कसा संपणार, असं तुम्ही म्हणाल. एका तासात दोन-तीनच प्रश्न होतात, हे खरंय. पण मी आले म्हणून शाळेचं नुकसान झालं, असं कृपा करून म्हणू नका.

पतसंस्थेच्या हप्त्याचे पैसे दादाच्या खात्यावर टाकलेत. थोडे जास्त आहेत, त्यातून मोतीबिंदूचं उरकून घ्या, माझ्यासाठी थांबू नका. कराडच्या स्थळाला मार्चपर्यंत थांबा म्हणावं. थांबत नसतील तर राहू दे, मला वाईट वाटणार नाही. बारकीच्या लग्नाला यायला जमत नाही. विचारून पाहिलं, पण मध्येच घरी गेलं तर शिष्यवृत्ती कापतात. तिकिटाचे वाचले ते तिच्या शालूला लावा. मोठीच्या आधी धाकटीचं कसं, असं कुणी विचारलं तर आई, खुशाल माझ्यावर ढकल. आणि हळदीचे फोटो त्याच दिवशी पाठवा, मी जागी असेन.

तुमची,
संगी